‘मेटल्ड’ रस्ता: शब्दाचा अर्थ कुठे राहतो?

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत रस्ते ‘मेटल्ड’ आणि ‘अनमेटल्ड’ असे वेगळे दाखवण्याची जुनी पद्धत आहे. दिल्लीलगतच्या नोएडाच्या बोलीत यातल्या पहिल्याला ‘पक्की सडक’ म्हणतात, मराठीत पक्का रस्ता. ‘मेटल’ म्हणजे लोखंड-तांबे एवढेच ठाऊक असणाऱ्याला त्या इंग्रजी शब्दाचा उलगडा होत नाही. लॅटिन ‘मेटॅलम’ आणि त्यामागचा ग्रीक ‘मेटॅलॉन’ यांचा अर्थ खाण असाही आहे. त्यामुळे खाणीतून काढून फोडलेला दगडही ‘मेटल’ ठरला. मराठी मुलखातल्या रस्तेकामावर खडीला आजही ‘मेटल’ म्हणतात, आणि तिथे कोणी लोखंड शोधत नाही.

मग अर्थ कशाने ठरतो, उगमाने की वापराने? हा वाद यास्काच्या ‘निरुक्त’ या प्राचीन व्युत्पत्तिग्रंथात आहे, आणि त्यातले उदाहरणही वाटेचेच आहे. सगळी नामे क्रियापदाच्या धातूंपासून झाली, हे वैयाकरण शाकटायनाचे मत यास्काला मान्य होते. गार्ग्य या आचार्याचा आक्षेप असा: वाट व्यापतो म्हणून घोडा ‘अश्व’ असेल, तर वाट व्यापणाऱ्या प्रत्येकालाच अश्व म्हणावे लागेल. यास्काचे उत्तर लोकव्यवहाराकडे बोट दाखवते. लाकूड तासणारे पुष्कळ असतात, पण ‘तक्षा’ हे नाव सुताराला मिळते. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी पुढे व्युत्पत्तीपेक्षा रूढीला बलवान ठरवले. हा निर्णय योग्यच होता. बोलणाऱ्यांचा एकमेकांना अर्थ कळतो तो रूढीमुळे.

रस्त्यांचे शब्द याचीच साक्ष देतात. ‘पक्का’ हा संस्कृत ‘पक्व’पासून आला, शिजलेले, भाजलेले, मग टिकाऊ. ग्रेटर नोएडाहून आग्र्याला जाणारा, २०१२ मध्ये खुला झालेला १६५ किलोमीटरचा यमुना द्रुतगती मार्ग सिमेंट काँक्रीटचा आहे, तरी तो पक्काच. दगडी कोळशापासून मिळते ते खरे डांबर. आता रस्त्यावर पडते ते खनिज तेलातून निघणारे बिटुमेन. रस्ता मात्र डांबरीच म्हटला जातो.

तरीही व्युत्पत्ती निरुपयोगी ठरत नाही. अर्थावर तिचा हुकूम चालत नाही, पण तिच्यात स्मृती असते: ‘मेटल’मध्ये खाण आहे, दगड फोडणाऱ्यांचे कष्ट आहेत. संस्कृतातही डोंगरातल्या गेरूसारख्या खनिजाला ‘धातू’ म्हणतात, आणि शब्दाच्या मुळालाही धातूच. दोन्हींत खाली असलेले, ज्यावर वरचे उभे राहते ते, हा भाव आहे.

‘नोएडा’ या नावात मात्र व्याकरणाचा धातू सापडत नाही. १७ एप्रिल १९७६ रोजी स्थापन झालेल्या ‘न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट अथॉरिटी’च्या आद्याक्षरांचा तो शब्द आहे. प्राधिकरणाचे नाव आधी आले, मग तेच शहराचे झाले. यमुनेपलीकडचे, दिल्लीतले ओखला त्यात ‘ओ’ या एका अक्षरापुरते उरले आहे.