पागोळीचा न्याय

कायदा शिकायला मुलं पुण्या-मुंबईला का जातात, हे मला कळत नाही. रोहिणी नक्षत्र लागलं की आमच्या संगमनेरातल्या कुठल्याही कॉलनीत यावं आणि कुंपणाशी खुर्ची टाकून आठ दिवस बसावं. गच्चीचं पाणी कुणाच्या बाजूला काढायचं? बदामाचं पान झाड ज्याचं त्याचं, की ज्याच्या अंगणात पडलं त्याचं? डांबराचा डबा उसना नेला आणि रिकामा परत आला, तर उसनवारी फिटली का? असले सगळे दावे तिथे सुनावणीला येतात. निकाल मात्र लागत नाही. तोवर पाऊस येतो. किंवा येत नाही.

हे 'किंवा' आमच्याकडे फार महत्त्वाचं. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, घाटघर-रतनवाडीला पाऊस नुसता कोसळत असतो. १९२६ साली पुरं झालेलं भंडारदऱ्याचं धरण भरतं, प्रवरेला पाणी चढतं आणि आम्ही संगमनेरकर धुळीनं माखलेल्या चपला घालून पुलावरून पूर बघतो. सह्याद्री ढग अडवतो, आमच्याकडे वारा सोडतो. आमचा खरा पाऊस यायचा तो बहुधा उत्तरा-हस्तात, लोकांनी छत्र्या माळ्यावर टाकल्यावर. म्हणजे मे महिन्यात केलेल्या डागडुजीचा पेपर सप्टेंबरात. आणि तोही रात्री दोन वाजता.

जुन्या गावात, पेठेतल्या गल्ल्यांत, ही डागडुजी एकट्यानं करायची गोष्टच नव्हती. माळवदाची घरं. लाकडावर माती आणि वर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी माळवदावरचं गवत उपटायचं, नवी पांढरी माती पसरायची, चोपून बसवायची, पन्हळ मोकळी करायची. घराला घर लागलेलं, भिंत सामाईक. एकानं आळस केला की ओल दुसऱ्याच्या देवघरात. त्यामुळे शेजाऱ्याचं माळवद हा आपलाच प्रश्न असे, आणि त्यात धर्म-बिर्म काही नव्हता. भिंतच तशी होती.

मग गाव वाढलं. १९६१ साली संगमनेर महाविद्यालय आलं, १९८३ साली अमृतवाहिनीचं इंजिनिअरिंग कॉलेज आलं. पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना कॉलन्या उठल्या. ज्यानं त्यानं चारी बाजूंनी जागा सोडून स्लॅबचं घर बांधलं, भोवती कुंपण घातलं, आणि वर जिन्याशेजारी एक खोली काढली. ही खोली घरमालकाच्या मुलाच्या अभ्यासासाठी असते, असं नकाशात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तिच्यात दुसऱ्यांची तीन मुलं तीन कॉटवर अभ्यास करत नसतात.

आमच्या शेजारचे अण्णा कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झाले. कोर्ट सुटलं, पण नाझर सुटला नाही. त्यांच्या गच्चीचा पाइप आमच्या कुंपणाच्या रोखानं आहे, असं मी एकदा सहज म्हणालो, तर ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "साहेब, भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२. वीस वर्षं बिनहरकत पाणी पडलं की तो हक्क होतो."

"किती झाली?"

"एकोणीस," अण्णा म्हणाले, आणि शांतपणे चहा प्यायला लागले.

छपराचं पाणी शेजाऱ्याच्या जागेत सोडण्याचा हक्क प्राचीन रोमन कायद्यातही होता, असं नंतर माझ्या वाचनात आलं. म्हणजे जगाला रस्ते बांधून देणाऱ्या रोमन लोकांचीही पागोळीवरून भांडणं होतच होती. मला बरं वाटलं. शिवाय अनंत फंदी आमच्याच गावचे. त्यांच्या सुप्रसिद्ध फटक्याच्या आरंभीच 'वहिवाट' हा शब्द आहे. कुंपणाशेजारी राहिल्याशिवाय कवीला हा शब्द इतका चटकन सुचेल असं मला वाटत नाही.

असो. खरा दावा उभा राहिला तो एका सप्टेंबरातल्या रात्री.

आमच्या समोरच्या ओळीत एक बंद घर आहे. मालक पुण्याला मुलाकडे असतात. दिवाळीला येतात, जळमटं काढतात, जातात. त्या रात्री हस्ताच्या पावसानं धरलं. अण्णांच्या वरच्या खोलीतला इंजिनिअरिंगचा एक मुलगा जागा होता. परीक्षा तोंडावर असणार, नाहीतर त्या वयात जागण्याचं जे दुसरं कारण असतं ते असणार. त्याला वरून दिसलं, की त्या बंद घराच्या गच्चीवर तळं साचलंय. पाइपाच्या तोंडाशी बदामाची पानं आणि एक प्लॅस्टिकची पिशवी बसली होती. पाणी जिन्याच्या दाराच्या उंबऱ्याला लागलं होतं. पोरगं खाली उतरलं, कुंपणावरून उडी मारून आत गेलं, बाहेरच्या लोखंडी शिडीनं वर चढलं, हातानं तो बोळा काढला आणि भिजून परत येऊन झोपलं.

सकाळी सगळ्या कॉलनीला हे कळलं. कारण त्याची एक चप्पल त्या गच्चीवरच राहिली होती.

आणि मग काय विचारता! पुण्याहून मालकांचा फोन आला. त्यांचं म्हणणं, पाणी काढलं ते ठीक, पण कुलूपबंद घराच्या आवारात कुणीही पोरगा रात्री दोनला उड्या मारणार असेल तर कुलपाला अर्थ काय? आणि खरं सांगतो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आज पाणी काढायला येतो, उद्या नळ काढायला येणारा माणूसही 'पाणी काढायला आलो' असंच सांगेल.

संध्याकाळी अण्णांच्या ओट्यावर बैठक बसली. अण्णा म्हणाले, "आपल्या भिंतीला काय लागत होतं का? नाही. मग आपला संबंध काय? भाडं देतो, कॉट घेतो. करारात दुसऱ्याची गच्ची कुठे आहे?"

आमची ही आतून चहा घेऊन येता येता म्हणाली, "अण्णा, करारात तुमच्या सूनबाई त्याला कांदेपोहे देतात, ते तरी कुठे आहे?"

अण्णांनी मग कराराचा कायदाच काढला. १८७२ चा. कलम ७०. दुसऱ्यासाठी कुणी कायदेशीरपणे काही केलं, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता, आणि दुसऱ्यानं त्याचा लाभ घेतला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. "विचारा त्याला," अण्णा म्हणाले, "काय हेतू होता?"

मुलाला बोलावलं. तो एका पायात स्लिपर आणि दुसऱ्या पायात मित्राचा बूट घालून आला. हेतू विचारल्यावर गोंधळला. म्हणाला, "काका, आमचं घर माळवदाचं आहे, गावाकडं. पाणी तुंबलेलं दिसलं की हात जातोच."

म्हणजे कलम ७० संपलं. ज्यानं पैशाच्या इराद्यानं केलं त्याला कायदा पैसे देववतो. ज्यानं सहज केलं त्याला चप्पलसुद्धा परत मिळत नाही.

मला त्या दिवसापासून हा प्रश्न सुटलेला नाही. आपण घर जपतो म्हणजे नेमकं काय जपतो? माळवदाच्या घरात शेजारधर्म भिंतीनं शिकवला, त्यात आपलं श्रेय थोडं. स्लॅबच्या घरांनी ती भिंत काढून घेतली आणि प्रथमच आपल्याला मोकळीक दिली, की शेजाऱ्याचं गळू द्यावं की न द्यावं. आता जे करू ते मात्र आपलं. आणि ही मोकळीक सगळ्यांत आधी वापरली कुणी? जो चार वर्षांनी डिग्री घेऊन जाणार, ज्याच्या नावावर इथे एक वीटही नाही, त्यानं. कायद्यानं हक्क मिळायला वीस वर्षं लागतात. त्या पोराच्या नशिबी वीस वर्षं नव्हती, म्हणून हक्क कधीच येणार नव्हता. कर्तव्याला मात्र एक सर पुरली.

पण म्हणून पुण्याच्या मालकांना मी चूक म्हणणार नाही. बंद घर हेही एक घर आहे, आणि न विचारता केलेल्या उपकारात थोडी दांडगाई असतेच. माणसाची गच्ची वाचवावी, पण ती वाचवण्याची परवानगी त्याच्याजवळ आधी मागून ठेवावी. नुसत्या चांगुलपणाला उडी मारावी लागते. विचारून ठेवलेल्या चांगुलपणाला फाटकातून जाता येतं. फरक एवढाच, पण रात्री दोन वाजता तो फार मोठा असतो.

दिवाळीला मालक आले. चप्पल त्यांनीच धुऊन, कागदात गुंडाळून आणून दिली. आणि फाटकाची एक किल्ली अण्णांकडे ठेवली. अण्णांनी रीतसर पावती दिली. आता त्यांच्या ओट्यावर खिळ्यांची एक फळी आहे, तिच्यावर कॉलनीतल्या पाच बंद घरांच्या किल्ल्या टांगलेल्या असतात. तो मुलगा डिग्री घेऊन गेला, दुसरी तीन आली. अण्णा त्यांना डिपॉझिट सांगण्याआधी गच्चीवर नेतात आणि पाच घरांच्या पाइपांची तोंडं बोटानं दाखवतात.

आमच्या कुंपणाकडचा पाइप मात्र ते दाखवत नाहीत. त्याची वीस वर्षं यंदा भरतात.