मातृऋण आणि संन्यास

बौद्ध धर्म चीनमध्ये पोचला तेव्हा त्याच्यावर पहिला मोठा आक्षेप घेतला कन्फ्यूशियसच्या परंपरेने. देह आणि केस आईबापांनी दिलेले. मग मुंडण करणारा, लग्न न करणारा, पितरांसाठी वारस न ठेवणारा भिक्षू कृतघ्नच नव्हे का? भिक्षूंचे उत्तर असे, की दानधर्माचे पुण्य आईबापांना अर्पण करता येते. चीनमधल्या लाँगमेनच्या बौद्ध लेण्यांतल्या अनेक दानलेखांत नेमके तेच अर्पण दिसते.

हे उत्तर केवळ चिनी मनासाठी रचलेली पळवाट होती, असे पूर्वी मानत. नाशिकची पांडवलेणी मात्र वेगळे सांगतात. 17 क्रमांकाच्या लेण्याच्या लेखात इंद्राग्निदत्त हा यवन (ग्रीक) दाता ते लेणे आईवडिलांप्रीत्यर्थ दिल्याचे नोंदवतो. 3 क्रमांकाचे लेणे तर एका आईचेच. सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने ते भद्रायणीय पंथाच्या भिक्षूंना दिले. लेख तिचा नातू राजा पुळुमावीच्या 19व्या राज्यवर्षातला. व्हऱ्हांड्याच्या भिंतीवर ती आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, पराक्रम सांगते आणि त्या बिरुदांच्या गर्दीत तो आईची अखंड सेवा करणारा होता, हेही कोरून ठेवते. शक-यवन-पल्हवांचा संहार आणि आईची सेवा एकाच लेखात!

मूळ पेच अर्थात उरतोच. दाता गृहस्थ असतो, घर सोडतो तो भिक्षू. बलश्रीच्या लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या आयांबद्दल लेख काही बोलत नाही.