वेल्क्रोचं सोवळं

पक्षाघाताने एक हात गेलेला माणूस गणेशचतुर्थीला पूजेला बसायचं म्हणतो, तेव्हा पहिली अडचण मंत्रांची नसते, सोवळ्याची असते. धोतराच्या निऱ्या घालायला दोन हात लागतात. कासोटा मागे खोचायला हात पाठीमागे न्यावा लागतो, आणि जखडलेला खांदा नेमकं तेच करू देत नाही. यावर आता साधे उपाय आहेत. निऱ्या आणि कासोटा शिवून टाकलेलं, कमरेला वेल्क्रोने बंद होणारं सोवळं मिळतं किंवा शिंप्याकडून करून घेता येतं. टोकाला आकडा बसवलेल्या हलक्या काठीने उपरणं पाठीमागून खांद्यावर ओढून घेता येतं. पण असं नेसलेलं सोवळं धर्माला चालतं का? माझ्या मते ते नुसतं चालत नाही, सोवळ्याचा हेतू त्यानेच अधिक नीट साधतो.

सरळ आक्षेप असा की सोवळं म्हणजे न शिवलेलं वस्त्र; टाका पडला की सोवळं संपलं. नियम खरा आहे, पण अशक्त माणसाच्या बाबतीत आपल्या धर्मशास्त्राने नियम कसे वाकवले तेही पाहायला हवं. पूजेआधी वस्त्राहूनही स्नान महत्त्वाचं. तरीही स्नानाचे सात प्रकार सांगितले गेले आणि पाण्याचं स्नान हा त्यांतला फक्त एक. भस्म लावणं, मंत्राने मार्जन करणं, नुसतं मनाने स्नान करणं, हीही स्नानंच ठरली. आजाऱ्याने ओल्या फडक्याने अंग पुसलं तरी भागतं. जिथे पाण्याशिवाय स्नान होऊ शकतं, तिथे चार टाक्यांनी वस्त्र बाटतं म्हणणं हे शास्त्रापेक्षा सवयीचं बोलणं आहे. हजयात्रेत मुसलमान जो इहराम पाळतात, त्यात पुरुषांना शिवलेला कपडा वर्ज्य असतो, पण तिथेही आजाऱ्याला तो घालता येतो. त्याबद्दल रोजे, गरिबांना जेवण किंवा कुर्बानी अशी भरपाई (फिद्या) द्यावी लागते, इतकंच.

दुसरा आक्षेप मऊ आहे, म्हणून जास्त अवघड. देव भावाचा भुकेला. एवढी यातायात कशाला, त्यांनी बसल्या जागी मानसपूजा करावी. मानसपूजेची थोरवी मान्य. पण हा सल्ला फक्त ज्याचा हात चालत नाही त्यालाच दिला जातो, धडधाकट यजमानाला नाही. इथे सवलत देता देता माणसाला चौरंगापासून उठवलं जातं. पूजा यथाशक्ती करायची असते हे खरं, पण ही शक्ती केवळ स्नायूंची का मोजायची? चष्मा लावून पोथी वाचणाऱ्याला कुणी ‘आता नुसतं ऐका’ म्हणत नाही. 1968 च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट घडवला, तो अनवाणी चालता यावं, उकिडवं आणि मांडी घालून बसता यावं म्हणून. परदेशी नमुन्याचा पाय बुटात घालायचा, आणि बूट देवळाबाहेर काढायचा. त्यामुळे तो इथे निरुपयोगी ठरे. त्या रबरी पायाने देवळात जाणाऱ्याचा धर्म बुडाला असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

राहिली सेवा. मुलाने बापाला धोतर नेसवावं, त्यात पुण्य आहे, काठीने ते हिरावलं जातं, असं म्हणणारे भेटतात. पुण्य मुलाचं, आणि त्यासाठी बापाने रोज उघड्या अंगाने वाट बघायची, हा हिशेब मला पटत नाही. शिवाय सोवळ्याच्याच तर्काने पाहा: सोवळ्यातल्या माणसाला ओवळ्याने शिवायचं नसतं. म्हणजे घाईत नेसवायला आलेल्या ओवळ्या हातांपेक्षा स्वतःच्या हातातली काठी सोवळ्याला जास्त धरून आहे! सवलत दिली तर आळशीही शिवलेलं नेसतील ही भीती तर फारच उशिरा आली. तयार शिवलेल्या नऊवाऱ्या नेसून मुली बोहल्यावर उभ्या राहतात, मंगलाष्टकं थांबत नाहीत. सोयीसाठी चालणारा टाका गरजेसाठी अडवणं हा नुसता दुजाभाव आहे. तेव्हा पूजा सांगणाऱ्या गुरुजींना विनंती एवढीच: यजमानाला अशी अडचण असेल, तर शिवलेलं सोवळं चालेल हे मुहूर्त ठरवतानाच आपणहून सांगा. त्याला विचारायला लावू नका.