राखेखालचे जीवन आणि आपला निवाडा

१८ मे १९८० रोजी सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सेंट हेलेन्स या ज्वालामुखी पर्वताची उत्तर बाजू भूकंपाच्या धक्क्याने कोसळली. आत कोंडलेल्या वायूंचा व वाफेचा स्फोट आडवा झाला. सुमारे ६०० चौरस किलोमीटरवरील अरण्य उद्ध्वस्त झाले, शतकानुशतके उभे असलेले वृक्ष गवताच्या काड्यांसारखे आडवे झाले. ५७ माणसे दगावली. पर्वताची उंचीच सुमारे ४०० मीटरने घटली.

अशी वार्ता कानी येताच आपल्या बैठकींत एक शब्द सहज उच्चारला जातो : अजाब. पूर असो, भूकंप असो, कोणाच्या तरी पापांची यादी लगेच वाचली जाते. प्रश्न असा की, हा निवाडा देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कोणी म्हणेल, आद, समूद आणि हजरत लूत (अलै.) यांच्या लोकांचा नाश पवित्र कुरआनात सांगितलेलाच आहे. निश्चितच आहे, आणि त्यावर आपले ईमान आहे. परंतु त्या विनाशांचे कारण आपल्याला वह्यीद्वारे कळले, स्वतःच्या तर्काने नव्हे. प्रेषितत्वाची समाप्ती झाली आहे. आता कोणत्या संकटामागे शिक्षा आहे, कोणत्यामागे परीक्षा आणि कोणत्यामागे रहमत, हे परोक्षाचे ज्ञान केवळ अल्लाहकडे आहे.

पैगंबर मुहम्मद (स.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम यांचे निधन झाले, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोकांनी दोहोंचा संबंध जोडला. शोकाकुल पित्याला तो सुखावणारा होता, तरीही पैगंबरांनी (स.) तो स्पष्टपणे नाकारला. सूर्य व चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या जगण्या-मरण्यामुळे त्यांना ग्रहण लागत नाही, असे समजावून त्यांनी नमाज, दुआ व दानधर्माकडे लोकांचे लक्ष वळविले. निशाणी पाहून भय वाटावे, पण ते स्वतःच्या हिशेबाचे. बोट मात्र दुसऱ्याकडे दाखवू नये.

त्या अरण्याची पुढील कथाही बोधप्रद आहे. सारे संपले, असेच पाहणाऱ्यांना वाटले होते. परंतु काही ठिकाणी बर्फाखाली झाकलेली लहान रोपे जिवंत राहिली. गोफर नावाचे बिळांत राहणारे छोटे प्राणी वाचले आणि बिळे उकरताना त्यांनी राखेखालची माती वर आणली. जेथे काहीच उरले नव्हते, त्या उजाड पठारावर ल्युपिन ही इवलीशी वनस्पती उगवली. तिच्या मुळांवरील जिवाणू हवेतील नत्र धरून ठेवतात. त्यामुळे नापीक भूमी इतर रोपांसाठी सज्ज होऊ लागली. मृत भूमीला जिवंत करणे ही अल्लाहची निशाणी आहे, हे कुरआन वारंवार सांगतो. आपल्या महाराष्ट्राची काळी कसदार जमीनदेखील कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या खडकापासूनच बनली आहे.

म्हणजे ५७ घरांचे दुःख खोटे ठरले काय? मुळीच नाही. अरण्य पुन्हा वाढते म्हणून गेलेला माणूस परत येत नाही. त्या घरांना स्पष्टीकरणाची नव्हे, सांत्वनाची गरज असते. संकटग्रस्ताच्या दारी आपण न्यायाधीश म्हणून नव्हे, सेवक म्हणून जावे. ज्याला आपण संपलेला समजतो, त्याच्या राखेखाली अल्लाहने काय राखून ठेवले आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.

अल्लाह आपल्या जिभेला संयम आणि हातांना सेवेची तौफीक देवो. आमीन.