कुलूप कशाला, माणसाला की औषधाला?

आपल्या घरांत आजारांच्या दोन जाती आहेत. मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी हे उजळ माथ्याने सांगण्याचे आजार. त्यांच्या गोळ्या फ्रिजवर किंवा टीव्हीशेजारी बिनधास्त पडलेल्या असतात. नैराश्य हा मात्र झाकून ठेवण्याचा आजार. त्याच्या गोळ्यांची स्ट्रिप उशीच्या अभ्र्यात, ट्रंकेतल्या कपड्यांखाली नाहीतर तांदळाच्या डब्यामागे असते. मुलीचा निकाह व्हायचा असतो, सुनेच्या माहेरी कळायला नको असते. ‘याला येरवड्याला पाठवा’ असे आपण थट्टेत म्हणतो आणि घरातल्या कुणाला खरोखर औषधाची गरज पडली की त्याच थट्टेची धास्ती घेतो.

ही लाज झाकता झाकता औषधाचा धोकाही झाकला जातो. नैराश्यावरच्या जुन्या औषधांच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. म्हणून एक प्रश्न आज आपल्यापुढे ठेवावासा वाटतो. आजारी माणसाला जपायचे म्हणजे त्याच्यावर किती पहारा ठेवायचा? काळजी कुठे संपते आणि कैद कुठे सुरू होते?

आधी ही औषधे कोणती ते पाहू. स्वित्झर्लंडमधल्या म्युन्स्टरलिंगेन येथील मनोरुग्णालयात डॉ. रोलांड कून यांनी 1956 साली इमिप्रामिन हे औषध नैराश्याच्या रुग्णांना दिले आणि 1957 मध्ये त्याचा गुण जगासमोर मांडला. त्याच कुळातले अमिट्रिप्टिलिन पुढे आले. 1980च्या दशकाच्या अखेरीस फ्लुओक्सेटिनसारखी नवी औषधे आली; पण जुनी मोडीत निघाली नाहीत. अमिट्रिप्टिलिन स्वस्त आहे, गुणकारी आहे आणि आजही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. अर्धशिशी आणि मज्जातंतूंच्या दुखण्यावरही ते कमी मात्रेत दिले जाते. म्हणजे ज्या घरात नैराश्याचे नावही कुणी घेत नाही, त्या घरातही हे औषध असू शकते.

या औषधांचा दोष असा की गुणाची मात्रा आणि घाताची मात्रा यांत अंतर थोडे असते. एकदम जास्त गोळ्या पोटात गेल्या तर हृदयाचे ठोके बिघडतात, झटके येतात, माणूस बेशुद्ध होतो. लहान मुलाने खाऊ समजून मोजक्या गोळ्या गिळल्या तरी जिवावर बेतते. नेहमीच्या मात्रेतही तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, गुंगी येते. उठून उभे राहताना चक्कर येऊन म्हातारी माणसे पडतात. प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांची लघवी अडू शकते, काचबिंदू बळावू शकतो. हृदयरोग्यांना आणि वृद्धांना हे औषध देण्याआधी डॉक्टर बहुधा ईसीजी काढायला सांगतात. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. आणि सुरुवातीच्या याच आठवड्यांत, विशेषतः तरुण मुलामुलींच्या बाबतीत, घरच्यांनी सावध राहावे लागते. मनात जीव देण्याचे विचार असतात आणि हाताशी महिन्याभराच्या गोळ्या असतात.

अशा वेळी लपवालपवी किती महाग पडते हे उघड आहे. सर्दी-खोकल्यासाठी, गुडघेदुखीसाठी आपण दुसऱ्या डॉक्टरकडे जातो आणि पहिल्या औषधाबद्दल लाजेपोटी गप्प राहतो. ट्रामाडॉलसारखे वेदनाशामक किंवा झोप आणणारे सर्दीचे औषध या गोळ्यांबरोबर घेतले तर अपाय होऊ शकतो, पण त्या डॉक्टरला ते कळावे कसे? उलट, बोलण्याने जीव कसे वाचतात याचा एक दाखला आहे. जुन्या औषधांचा दुसरा गट एमएओआय या नावाने ओळखला जातो. आज ती औषधे क्वचितच दिली जातात. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला ती घेणाऱ्या काही रुग्णांना अचानक भयंकर डोकेदुखी होई, रक्तदाब चढे. नॉटिंगहॅमच्या एका औषधनिर्मात्याच्या लक्षात आले की आपल्या पत्नीला हा त्रास चीज खाल्ल्यावर होतो. त्याने तसे लिहून कळवले. लंडनचे डॉ. बॅरी ब्लॅकवेल यांनी धागा पुढे नेला आणि 1963 मध्ये जुन्या, मुरवलेल्या चीजचा या औषधांशी असलेला संबंध जाहीर केला. पत्नीचा आजार झाकण्यातच त्या नवऱ्याने इज्जत मानली असती तर?

आता कुलपाकडे वळू. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी निवासगृहाला आग लागली आणि 28 मनोरुग्ण जळून मेले. त्यांना साखळदंडांनी बांधलेले होते, म्हणून पळता आले नाही. त्यांना तिथे आणून सोडणारे त्यांचेच आप्त होते. त्यातल्या अनेकांना आपण माणसाची काळजीच घेत आहोत असे वाटत असेल. माणसाला कुलूप घालण्याची परिणती अशी होते. धोका औषधाच्या डब्यात असताना आपण साखळी माणसाच्या पायात घालतो.

पण औषधाला कुलूप घालणे हाही त्या माणसावरचा अविश्वासच नाही का? हा आक्षेप खरा आहे. ‘माझ्याच गोळ्या मला मोजून देता, मी काय चोर आहे?’ असे आजारी बहीण विचारते तेव्हा तिचा अपमान झालेला असतो. आमच्या मते याचे उत्तर कुलपात नसते, ते कुलूप कुणी ठरवले यात असते. तिच्या पाठीमागे ठरवले तर तो पहारा. ‘सध्या दिवस कठीण आहेत, गोळ्या अम्मीकडे राहू देत, तुला बरे वाटले की परत तुझ्याकडे’ असे तिच्याशी बोलून ठरवले तर ती अमानत. अमानत ठेवणारा मालक राहतो, सांभाळणारा फक्त जबाबदार असतो. आणि अमानत वेळ आली की परत करायची असते, हे सांभाळणाऱ्याने विसरू नये.

हाच निकष दुसऱ्या एका प्रथेला लावून पाहा. रुग्ण औषध घेत नाही म्हणून चहात किंवा सालनात गोळी गुपचूप मिसळण्याची चाल अनेक घरांत आहे. हेतू चांगला असतो. पण किती मात्रा पोटात गेली हे कुणालाच कळत नाही, रुग्ण दुसऱ्या डॉक्टरला खरे सांगू शकत नाही, आणि एक दिवस उलगडा झाला की घरच्या अन्नावरचा त्याचा विश्वास उडतो. ज्या म्युन्स्टरलिंगेनमध्ये इमिप्रामिनचा गुण सापडला, तिथे अनेक रुग्णांवर त्यांना न विचारता औषधांचे प्रयोग झाले होते, हे इतिहासाच्या अभ्यासकांनी 2019 मध्ये उजेडात आणले. औषध खरे ठरले म्हणून ती फसवणूक रास्त ठरत नाही. आपल्या स्वयंपाकघरातलीही ठरू नये.

कुणी म्हणेल, ईमान पक्के असेल तर गोळ्यांची गरजच काय? दहाव्या शतकात वारलेले विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी देह आणि मन यांच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी कारण ठाऊक असलेले दुःख आणि कारण न उमगणारे दुःख असा भेद केला. दुसऱ्याचे मूळ शरीरात असू शकते आणि त्यावर शरीराचा इलाज करावा, असे त्यांचे मत होते. म्हणजे दवा घेणाऱ्याला बेसब्र म्हणण्याआधी आपलाच वारसा वाचावा. गुजरातमधल्या उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात दुआबरोबर मानसोपचाराची दवाही मिळण्याची सोय झाली, हेही ध्यानात घ्यावे.

तेव्हा घरात असे औषध आले तर काही गोष्टी एकत्र बसून ठरवाव्यात. डॉक्टरांना एका वेळी थोड्याच दिवसांच्या गोळ्या लिहून देण्याची विनंती करावी. उरलेल्या गोळ्या साठवू नयेत, एकाच्या दुसऱ्याला देऊ नयेत, मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. बरे वाटले म्हणून औषध एकदम तोडू नये. डॉक्टर ते हळूहळू उतरवतात. रमजानमध्ये परस्पर बंद करू नये. बऱ्याचदा ते रात्री एकदाच घ्यायचे असते, तेव्हा वेळेचे काय करायचे आणि रोजा झेपेल का हे महिनाभर आधी विचारावे. जास्त गोळ्या गेल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न पाहता, स्ट्रिप बरोबर घेऊन, रुग्णालय गाठावे. टेलिमानसचा 14416 हा क्रमांक 2022 पासून देशभर आहे. मन फारच खचले तर त्यावर मराठीतही बोलता येते.

शेजाऱ्यापाजाऱ्यांना सारे सांगा असे आमचे म्हणणे नाही. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पुढे आजार बळावला तर आपली देखभाल कशी व्हावी आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे आधीच लिहून ठेवण्याचाही हक्क दिला आहे. आजार कुणाला सांगायचा हे रुग्णाने ठरवावे. त्याने एकदा आपल्याला सांगितले, की पुढची जबाबदारी आपली. पहिला प्रश्न त्यालाच विचारावा, ‘गोळ्या कुणाकडे ठेवायच्या, तू सांग.’