आधीच्या मालकाचा जुगाड

जुनी प्रीमियर पद्मिनी विकत घेतली, की गाडीबरोबर आधीच्या मालकांची डोकीही घरी येतात. कुर्ल्यात बनलेली, १०८९ सीसीची, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली ही गाडी. फ्यूजपेटी उघडून बघावी, तर उडालेल्या फ्यूजवर कुणीतरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. दिवा लागला, काम झालं! पण वायर जळण्याआधी स्वतः जळावं, एवढ्यासाठीच तर फ्यूज असतो. आता पाळी वायरची.

त्याहून मजेशीर प्रकार थर्मोस्टॅटचा. इंजिन तापायचं, म्हणून कुण्या मिस्त्रीने तो काढूनच टाकलेला. आपल्या उकाड्यात हवाय कशाला? अहो, इंजिन साधारण ८० अंशांपर्यंत तापेतो तो पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो नसला की इंजिन हवं तेवढं तापत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि आतून झिजतं. मूळ दुखणं बहुतेक वेळा गाळाने तुंबलेल्या रेडिएटरचं. ते जिथल्या तिथेच.

तरी चांदी गुंडाळणाऱ्या त्या अनोळखी माणसाला लगेच नावं ठेवू नयेत. गाडी रात्री घाटात बंद पडली असेल, मागे पोरंबाळं बसली असतील, आणि त्या चांदीनेच सगळ्यांना घरी पोचवलं असेल. दुसऱ्या दिवशी नवा फ्यूज आणायचा राहिला, तो राहिलाच.

तेव्हा जुनी गाडी घेतलीत, तर रंगरंगोटी नंतर. आधी बॅटरीची तार सोडवा, फ्यूजपेटी उघडा आणि प्रत्येक जागी योग्य अँपिअरचा फ्यूज बसवून घ्या.