विचारण्याचा वेग

सोयाबीनचा हंगाम आला की तेल्हाऱ्याच्या बाजारात भावाआधी प्रश्न येतो, "मॉइश्चर किती निघालं भाऊ?" हमीभावाच्या खरेदीत 12 टक्के ही नेहमीची मर्यादा. 2024 च्या हंगामात केंद्राने ती 15 टक्क्यांपर्यंत सैल केली. एकेका टक्क्याला एवढं मोल आहे.

दाणे पोटात घेणारं मीटर खरं तर पाणी मोजत नाही. दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये दाणे ठेवून ते विजेची दिशा भराभर पालटतं आणि दाण्यांतले रेणू तिला किती साथ देतात ते पाहतं. या साथीचं माप म्हणजे परावैद्युतांक. कोरड्या दाण्याचा तो जेमतेम दोन-चार, 20 अंशांच्या पाण्याचा 80. त्यामुळे थोडी ओलही लपत नाही.

मोकळं पाणी तापवलं की हा आकडा उतरतो. 0 अंशाला 88, उकळताना 56 च्या आसपास. रेणूंची धावपळ इतकी वाढते की एका दिशेला वळून राहणं त्यांना जमत नाही. दाण्यातलं पाणी मात्र उलट वागतं. ते दाण्याच्या घटकांना चिकटून असतं. ऊब मिळाली की सैल होतं आणि जास्त साथ देतं. म्हणून उन्हात तापलेला दाणा आहे त्याहून ओला भासू शकतो. चांगलं मीटर आधी दाण्याचं तापमान घेतं, मगच आकडा सांगतं.

बर्फाची तऱ्हा आणखी निराळी. मायक्रोवेव्ह ओव्हनची लहर सेकंदाला सुमारे 245 कोटी वेळा आंदोलते. तिच्यापुढे बर्फाचा आकडा 3 च्या आसपास. जणू त्याला काही ऐकूच येत नाही. पण विजेची दिशा सेकंदाला शे-दोनशे वेळाच पालटली, तर बर्फ 90 च्या घरात जातो, थेट पाण्याच्या बरोबरीला. स्फटिकात अडकलेल्या रेणूंना वळायला वेळ लागतो, इतकंच.

ज्याच्यावर नुकतंच काही कोसळलं आहे, त्याला आपण चार दिवसांत "पुढं काय ठरवलं?" विचारतो. उत्तर आलं नाही की तो खचला, असं ठरवून मोकळे होतो. त्याच्या गप्प राहण्यात आपल्या घाईचा वाटा किती, हे मोजत नाही. माणूस जोखताना त्याच्या उत्तराशेजारी आपल्या विचारण्याचा वेगही लिहून ठेवावा.